तिसऱ्या पॅसेजला मरतात म्हणून लॅब सोडू नकोस

तू विचारलंयस की पीएचडीचे आठ महिने झाले, उंदराच्या लहान आतड्याचे ऑर्गनॉइड (प्लेटमध्ये पेशींपासून वाढवलेलं छोटं आतडंच म्हण) दोन पॅसेज, म्हणजे फोडून नव्या प्लेटमध्ये लावायच्या दोन फेऱ्या, छान वाढतात आणि तिसऱ्याला मरतात, बरोबरच्या मुलाचं पोस्टर पण झालं, घरी आई विचारते तर सांगायला काही नाही, मग सोडून द्यावं का. मी नेरूळला राहते, आतडं आणि लिव्हरच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढलीत, म्हणून लिहितेय आणि अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी तुझ्या पेशींचं बघू. दोन पॅसेज जगतात म्हणजे क्रिप्ट, आतड्याच्या अस्तरातले स्टेम सेल असलेले खळगे, नीट सुटतायत, हात वाईट नाहीये तुझा. अशा वेळी माझा पहिला संशय आर-स्पॉन्डिनवर जातो, स्टेम सेल टिकवणारं प्रोटीन ते. ते कमजोर असेल तर लगेच कळत नाही, स्टेम सेल हळूहळू संपत जातात आणि दोनतीन आठवड्यांनी अचानक सगळं बसतं. कंडिशन्ड मीडियम (ज्यात दुसऱ्या पेशींनी ते प्रोटीन सोडलेलं असतं ते द्रव) लॅबमध्येच बनवत असाल तर बॅचबॅचमध्ये फरक पडतोच. दुसरं, पॅसेज करताना पिपेटने किती फोडतेस ते बघ, क्रिप्टचे तुकडे राहिले पाहिजेत, पार सुट्या पेशी केल्यास तर बऱ्याच मरतात. आणि मधे काळं दिसतं म्हणून प्लेट फेकून तर देत नाहीस ना? आतड्याचं अस्तर चारपाच दिवसांत नवं होतं, जुन्या पेशी पोकळीत गळतात, ऑर्गनॉइडमध्ये त्यांना बाहेर जायला वाटच नसते म्हणून मधे साठतात. कडेने कोंब फुटत असतील तर ते मस्त जगतायत, फक्त पॅसेजची वेळ झालीय.

मॅट्रिजेलचं, म्हणजे ज्या जेलमध्ये ऑर्गनॉइड वाढतात त्याचं पण सांगते, कारण आपल्याकडच्या हवेत ते फार छळतं. बर्फावर पातळ, गरम झालं की घट्ट. माझ्या पहिल्या मे महिन्यात कल्चर रूमचा एसी गेला, मी पिपेटच्या टिप्स फ्रीजमध्ये ठेवायला विसरले आणि अर्धं मॅट्रिजेल टिपमध्येच जमलं, हुडसमोर बसून रडले होते मी. तेव्हापासून टिपांचा डबा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये जातो.

आता माइलस्टोनचं. कागदावरचे सगळ्यांना माहितीयत, दोन वर्षांनी असेसमेंट होऊन जेआरएफ ह्या ज्युनिअर फेलोशिपचे महिना ३७,००० जाऊन एसआरएफ ह्या सिनिअर फेलोशिपचे ४२,००० येतात, मग पेपर, मग थिसिस. पण मला विचारशील तर माझा सगळ्यात मोठा दिवस होता लिव्हर परफ्युजन, म्हणजे लिव्हरमधून नळीने द्रव सोडून पेशी सुट्या करणं, जमलं तो. एथिक्स कमिटीची परवानगी, सिनिअर शेजारी उभी, आणि आधीचे नऊ प्रयत्न वाया गेलेले, कधी नळीत बुडबुडा, कधी कोलॅजिनेज (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) थंड. दहाव्या वेळी नळी बसली, पोर्टल व्हेन कापली आणि काळपट लाल लिव्हर बघता बघता फिकट बदामी झालं. नंतर वरचं पातळ आवरण फाडून हलवलं तर तांदूळ धुतल्यावर पाणी होतं ना तशा पेशी खाली उतरल्या. ट्रिपॅन ब्लू, मेलेल्या पेशींना निळा करणारा रंग, टाकून मोजलं, शंभरात सत्त्याऐंशी जिवंत! सिनिअरने काहीच न बोलता माझ्या वहीत तारखेला गोल केला, ती वही अजून आहे माझ्याकडे. ह्यातलं काही सीव्हीत लिहिता येत नाही, पण त्या दिवसानंतर मला परत कधी सोडावंसं वाटलं नाही.

तुझा तसा दिवस बहुतेक पाचव्या पॅसेजच्या पेशींची छोटी बाटली गोठवायला लिक्विड नायट्रोजनमध्ये जाईल आणि महिन्याने बाहेर काढल्यावर परत वाढेल तो असेल. तेव्हा ती लाइन, म्हणजे सतत वाढवता येणाऱ्या पेशींचा तो वंश, तुझी झाली. आणि वेळेचं म्हणशील तर हान्स क्लेव्हर्स ह्या डच शास्त्रज्ञाच्या ग्रुपला एलजीआर-५ ही आतड्याच्या स्टेम सेलची खूण सापडली २००७ ला, त्याच पेशींपासून त्याच ग्रुपमधल्या तोशिरो साटोंनी ऑर्गनॉइड वाढवले ते छापून आलं २००९ ला, आणि त्या माणसांचं सगळं आयुष्य ह्याच विषयात चाललेलं. तुझे आठ महिने म्हणजे काहीच नाहीत गं.

आईला पोस्टरबिस्टर सांगू नकोस, एखाद्या रविवारी लॅबमध्ये घेऊन जा, परवानगी काढून, आणि मायक्रोस्कोपखाली कोंब दाखव. माझी आई वाशीहून आली होती, पाच मिनिटं डोळा काढला नाही तिने, मग म्हणाली मोड आलेल्या मटकीसारखं दिसतंय.

सोमवारी एवढंच कर, आर-स्पॉन्डिनची जुनी बॅच आणि दुसऱ्या कुणाच्या लॅबमधली मागून आणलेली बॅच एकाच प्लेटमध्ये शेजारी शेजारी लाव, बाकी काही बदलू नकोस. तिसऱ्या पॅसेजला काय होतं ते मला कळव, मग पुढचं बघू.