कुत्र्यांना ‘मश’ का म्हणतात?

प्रश्न असा आहे: जॅक लंडनच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३) या कादंबरीत स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांना ‘मश! मश!’ म्हणून हाकतात. कोशात ‘मश’चा अर्थ सापडतो लगदा, नाहीतर मक्याच्या पिठाची लापशी. मग ‘बर्फाचा लगदा तुडवत निघा’ असा अर्थ घ्यायचा का? आणि मराठी अनुवादात सरळ ‘चल’ लिहिलं तर चालेल का?

लगद्याचा इथे काही संबंध नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार तेवढा सारखा. लापशीवाला ‘मश’ हा ‘मॅश’चा भाऊबंद. कुत्र्यांचा ‘मश’ मात्र बहुधा फ्रेंचांकडून आला. कॅनडाच्या उत्तरेत कातड्यांच्या व्यापारात फ्रेंच बोलणारी माणसं पिढ्यानपिढ्या होती आणि कुत्र्यांच्या गाड्याही तीच हाकायची. ती ओरडायची ‘मार्श!’ किंवा ‘मार्शाँ!’, म्हणजे ‘चल’, ‘चला’. फ्रेंच ‘र’ घशातच विरतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी जे कानावर पडलं ते उचललं आणि त्याचा झाला ‘मश’. कवायतीतला ‘मार्च’ त्याच मुळाचा. (मार्च महिना नव्हे, तो मार्स या रोमन देवाचा.)

गंमत म्हणजे कादंबरीतच याचा माग लागतो. बक हा कादंबरीचा नायक, एक कुत्रा. त्याला स्लेज ओढायला शिकवतो तो फ्रान्स्वा, फ्रेंच-कॅनेडियन. त्याचं इंग्रजी लंडनने मुद्दाम तोडकंमोडकं लिहिलंय. ‘दॅट बक’ न म्हणता तो ‘डॅट बक’ म्हणतो. ‘हो’ म्हटलं की थांबायचं आणि ‘मश’ म्हटलं की निघायचं, हे बक याच माणसाच्या हाताखाली शिकतो. कॅलिफोर्नियात एका न्यायाधीशाच्या घरी लाडात वाढलेल्या कुत्र्याला हा शब्द आपल्याइतकाच परका.

आता ‘चल’बद्दल. अर्थाने ते अगदी नेमकं आहे. ‘मार्शाँ’मधलं ‘आपण निघू या’ आपल्या ‘चला’त आपसूक येतं, पिशवी खांद्याला लावून आपण नुसतं ‘चला’ म्हणतो, तेच. तरी कादंबरीत मी ‘मश’च ठेवीन, आणि त्याचं कारण पैजेच्या प्रसंगात आहे.

प्रसंग आठवा. बकचा पुढचा मालक थॉर्नटन सांगून बसलाय की बक हजार पौंड ओढेल. स्लेजवर पिठाची वीस पोती, प्रत्येकी पन्नास पौंड, म्हणजे सगळं मिळून साडेचारशे किलोच्या आसपास. उणे साठ फॅरनहाइटच्या थंडीत ती गाडी तास दोन तास उभी राहिलीय आणि तळाच्या पट्ट्या बर्फाला घट्ट धरल्यात. खरी अडचण ओझ्यापेक्षा ही आहे. थॉर्नटन आधी ‘मश’ म्हणतच नाही. तो म्हणतो ‘जी!’, बक उजवीकडे झेपावतो, पट्ट्यांखालून करकर ऐकू येते. मग ‘हॉ!’; तसाच झटका डावीकडे, करकरीचा कडकडाट होतो आणि गाडी काही इंच बाजूला सरकते. बर्फाची पकड सुटली. आता कुठे ‘मश!’

‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. हे फ्रेंच नाहीत. इंग्रजी बोलणारे शेतकरी बैलाघोड्यांना हेच म्हणत. या तिन्ही शब्दांना मराठीत ‘चल’, ‘हो पुढे’, ‘शाब्बास’ असं काहीबाही घातलं, तर वाचकाला वाटणार की कुत्र्याने निव्वळ प्रेमापोटी गाडी हलवली. प्रेम आहेच, पण युक्तीही आहे. याच्या आधी स्कॅग्वे गावात हॅल नावाचा नवशिका गोठून बसलेल्या गाडीपुढे नुसता ओरडतो आणि चाबूक चालवतो; कुत्री जीव काढतात, गाडी जागची हलत नाही. शेवटी बघ्यांपैकी एकाला न राहवून ‘अरे, आधी पट्ट्या मोकळ्या कर’ असं सांगावं लागतं. शब्द धूसर केले की या दोन प्रसंगांचा सांधाच निखळतो. म्हणून ‘मश’, ‘जी’, ‘हॉ’ तसेच ठेवावेत आणि पहिल्यांदा येतील तिथे वाक्याच्या ओघात अर्थ सांगून टाकावा. तळटीप नको.

हुकमाचे शब्द एकमेकांपासून कानाला लांब असावे लागतात. समुद्रावर हे महागात पडलं होतं. जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’, डावी ‘लारबोर्ड’. वादळात कोणाला फरक कळणार? ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये आणि अमेरिकन नौदलाने १८४६ मध्ये ‘लारबोर्ड’ मोडीत काढून ‘पोर्ट’ आणला. १८५१ च्या ‘मोबी डिक’मध्ये मात्र ‘लारबोर्ड’ भेटतोच. खलाशांच्या तोंडातला शब्द एका फतव्याने जात नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत उलट झालं. १९७३ पासून अलास्कात अँकरेज ते नोम अशी कुत्र्यांच्या स्लेजची सुमारे १६०० किलोमीटरची इडिटरॉड शर्यत होते. स्पर्धकांना अजून ‘मशर’ म्हणतात, पण गाडी सोडताना त्यांच्यातले बहुतेक ‘हाइक!’ नाहीतर ‘लेट्स गो!’ म्हणतात. ‘मश’ फार मऊ पडतो, असं त्यांचं म्हणणं.

लंडनचं ‘व्हाइट फँग’ (१९०६) पुढे वाचणार असाल तर आणखी एक जोडी भेटेल: ‘सावरडो’ आणि ‘चीचाको’. दुसरा शब्द चिनूक जार्गन या व्यापारी बोलीतला, ‘नवा आलेला’ अशा अर्थाचा. पहिल्याचा अर्थ आंबवलेलं पीठ. त्याची भाकर खाऊन हिवाळे काढलेले जुनेजाणते ते ‘सावरडो’. नवखे बेकिंग पावडर घालून पाव करतात म्हणून हे त्यांना तुच्छ लेखतात, आणि लंडन लगेच चिमटा काढतो की यांच्याकडे बेकिंग पावडर नव्हती म्हणून हे पीठ आंबवत होते. इथे मात्र ‘मुरलेला’ आणि ‘नवखा’ बेलाशक वापरा. ‘मुरलेला’ तर लोणच्याच्या बरणीतूनच आलाय, त्याहून जवळचा शब्द मिळायचा नाही.