नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि आजींचा हिस्सा विसरू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाबा गेले, त्यांचं मृत्युपत्र नाही, पुण्यातला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि स्वकष्टाचा, सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी धाकटा भाऊ. "बाबांनीच माझं नाव लावलंय, म्हणजे सगळं माझं," असं तो म्हणतो. ते खरं नाही.

माणूस गेल्यावर व्यवहार कुणाशी करायचा, हे बँकेला आणि सोसायटीला कळावं म्हणून नॉमिनीचं नाव घेतात. एफडीचे पैसे नॉमिनीला दिले की बँक मोकळी होते. पण ते पैसे कुणाचे, हे वारसा कायदा ठरवतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत बराच काळ गोंधळ होता, कारण 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात नॉमिनीच मालक असं म्हटलं होतं. 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी शेअर आणि फंडांवरही वारसांचाच हक्क मान्य झाला. अपवाद विम्याचा. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, असं कायद्यात आलं. त्यावर न्यायालयांत मतभेद आहेत, तेव्हा पॉलिसीच्या पैशांवरून आत्ताच भांडू नका.

आता हिस्से. तुम्ही हिंदू आहात असं धरून सांगतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगा, मुलगी आणि मयताची आई, सगळे येतात. तुम्ही ओघात लिहिलंय की आजी, म्हणजे बाबांच्या आई, गावी काकांकडे असतात. तुमच्या सबंध प्रश्नात मला हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. आई, तुम्ही, भाऊ आणि आजी, प्रत्येकी पाव हिस्सा. तुमचं लग्न झालंय याने काही फरक पडत नाही.

आजींचा विषय मागे ठेवू नका. त्या मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा काका, आत्या आणि बाबांच्या वाट्याचे म्हणून तुम्ही भावंडं यांच्यात विभागला जाईल. मग फ्लॅट विकायचा तर सगळ्या काका-आत्यांच्या सह्या लागतील, आणि त्यांच्यातलं कुणी गेलं तर त्यांच्या मुलांच्याही. अशीच घरं वर्षानुवर्षं कुलूपबंद राहतात. आजींना हवं असेल तर त्या हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करू शकतात, किंवा आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र. पण त्यांना सगळं नीट समजावून, त्यांच्या राजीखुशीनेच. घाईत घेतलेला अंगठा पुढे कोर्टात टिकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाशी असं वागूही नये.

भाऊ सोसायटीत नाव लावून फ्लॅट विकेल, ही तुमची भीती रास्त आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली कलम 154ब-13 आलं. त्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच लेखी पत्र द्या: आम्ही सगळे वारस आहोत, आमच्या संमतीशिवाय हस्तांतर करू नये. प्रतीवर पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. तोंडी सांगितलेलं कमिटी बदलली की कुणाला आठवत नाही.

पुढचा रस्ता भावाशी बोलूनच काढा. आईला तिथे हयातभर राहता येईल आणि तुमच्या हिश्श्याचं काय, हे ठरवून कौटुंबिक व्यवस्थापत्र करा आणि ते दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) नोंदवा. तो "नुसती सही कर" म्हणून हक्कसोडपत्र पुढे करेल, तर वाचल्याशिवाय करू नका; नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करायला दावाच लागतो. बोलणं फिसकटलं, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि त्यासोबत विक्रीला मनाईचा अर्ज.

प्रोबेटची धास्ती तर मुळीच नको. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, आणि इथे मृत्युपत्रच नाही. उद्या भावाने अचानक एखादं काढलंच, तर मूळ प्रत बघायला मागा आणि त्यावरचे दोन साक्षीदार कोण आहेत ते आधी पाहा. दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर ते मृत्युपत्र ग्राह्य नाही; नोंदणी नसली तरी मात्र चालतं.

वकिलाकडे जाताना मृत्यूचा दाखला, मूळ करारनामा, इंडेक्स टू (करारनाम्याच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट न्या. करारनाम्यात आईचंही नाव असेल तर वरचा सगळा हिशेब बदलेल, म्हणून तो आधी उघडून बघा आणि इथे कळवा.