सॉल्वांगला जातोय, दोनच तास हातात आहेत. एल्वरहॉय म्युझियमसाठी वेळ काढावा का?

हो, नक्की काढा. कॅलिफोर्नियातलं सॉल्वांग १९११ मध्ये डॅनिश स्थलांतरितांनी वसवलं. पण मुख्य रस्त्यावरच्या पवनचक्क्या आणि लाकडी पट्ट्यांच्या भिंती बहुतांश १९४० च्या दशकानंतरच्या, पर्यटक येऊ लागले तेव्हाच्या. ही माणसं खरोखर कशी राहिली, हे कळतं ते या छोट्या म्युझियममध्ये.

मुळात हे एका कलावंत जोडप्याचं घर. शिल्पकार व्हिगो ब्रँट-एरिक्सन आणि त्यांची चित्रकार पत्नी मार्था मॉट यांनी ते डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या अठराव्या शतकातल्या शेतघरांच्या धर्तीवर बांधलं. म्युझियम झालं १९८८ मध्ये. आत शिरण्याआधी दारावरचं कोरीवकाम पाहा, बरेच जण घाईत तसेच पुढे जातात. माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे स्वयंपाकघर. रंगवलेल्या लाकडी फळ्यांमुळे तिथे अजून घरपण जाणवतं. कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा मला ते जास्त बोलकं वाटतं.

डॅनिश कागदकाम कुठे दिसलं, तर तिथे थांबा. कात्रीने कागद कापून नक्षी काढण्याची ही लोककला. परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन स्वतः गोष्ट सांगता सांगता असे कागद कापत.

तासाभरात सगळं निवांत पाहून होतं. मुख्य बाजारातून चालत जाता येतं. म्युझियम रोज उघडं नसतं, त्यामुळे निघण्याआधी वार आणि वेळ तपासा.