मुलाच्या क्रेडिट कार्डाचं देणं आईवडिलांनी भरून टाकावं का?

मुलगा नोकरीला लागून वर्ष होत नाही तोच कार्डावर उधारी झालेली कळते, आणि मग पालक विचारतात, आम्ही सगळं भरून टाकतो आणि कार्ड बंद करतो, चालेल ना?

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगा २३ वर्षांचा, पुण्यात पहिली नोकरी, कार्डावर ६०,००० थकलेले. त्याचं म्हणणं एकच, "मॅडम, मी एकही महिना चुकवला नाही." आणि ते खरंच होतं, पण तो भरत होता फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, ३,०००. स्टेटमेंट समोर ठेवून त्यालाच हिशोब करायला लावला. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ५२२! वर पूर्ण बिल न भरल्यामुळे नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं ते वेगळंच.

वडील चिडलेले, आमच्या घरात कुणी असं केलं नाही म्हणून. मी विचारलं, फ्लॅट कसा घेतला? तर होम लोन, १५ वर्षं हप्ते फेडले, त्यासाठी कितीतरी गोष्टी मागे टाकल्या, पण मुलाला पत्ता नाही. "त्याला कशाला टेन्शन?" इतक्या घरांमध्ये मी हेच बघते आणि खूप वाईट वाटतं, कारण कर्ज नीट फेडणारा माणूस घरातच असतो आणि पोरं मात्र हप्ता म्हणजे काय ते शॉपिंग अ‍ॅपवरून शिकतात.

वडिलांना म्हटलं, तुम्ही भरू नका, पण सोबत बसा. बँकेशी बोलून थकबाकीचा वार्षिक १५ टक्क्यांनी वर्षभराचा ईएमआय करून घेतला, महिन्याला साधारण ५,४०० रुपये, ते त्याच्याच पगारातून. ते फिटेपर्यंत कार्ड वापरायचं नाही. आणि वडिलांनी होम लोनची जुनी फाईल काढून त्याला व्याज किती गेलं, मुद्दल किती, सगळं दाखवलं.

हां, लोन अ‍ॅपवाले धमक्या देत असतील, फोटो पाठवीन म्हणत असतील तर मात्र धडा शिकू दे वगैरे अजिबात नको, लगेच मुलाच्या पाठीशी उभं राहा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसात तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा अ‍ॅपला फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट घ्यायची परवानगीच नाही, हे मुलांना आधीच माहीत हवं.

मुलं अजून कॉलेजात असतील तर तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं आणि हप्ते कसे फेडले त्याची नोंद, त्यांच्यासोबत बसून बघा, ही नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. एखादा हप्ता उशिरा गेलेला दिसला तर लपवू नका, तेव्हा काय अडचण होती तेही सांगा.