"आई, ते लोक आपल्यावर रागावलेत का?"

प्रश्न: ताई, आम्ही तीन वर्षं झाली परदेशात राहतोय, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा चार. मागच्या आठवड्यात शाळेतून येताना आमची बस मोर्च्यात अडकली, बाहेर घोषणा, ढोल, हेल्मेट घातलेले पोलीस. मुलीने विचारलं, "आई, ते आपल्यावर रागावलेत का? आपल्याला परत पाठवणार?" मी घाईत म्हटलं, काही नाही गं, मिरवणूक आहे. आता रोज झोपताना तेच विचारते. नवरा म्हणतो विषयच काढू नको, आपण व्हिसावर आहोत, पोरं शाळेत काहीतरी बोलून बसतील. काय करू? – एक आई

उत्तर: तुमच्या मुलीने राजकारण विचारलेलंच नाहीये हो. ती विचारतेय की आपण इथे सेफ आहोत का, आणि तुम्ही दोघं माझ्याजवळ राहणार ना. आधी त्याचं उत्तर द्या. आणि ते मिरवणुकीचं मागे घ्या, तिला ते पटलं असतं तर तिने रोज विचारलं नसतं. सरळ सांगा, "त्या दिवशी मीच घाबरले होते म्हणून चुकीचं बोलले, तो मोर्चा होता."

मग मोर्चा म्हणजे काय? एकट्याने सांगितलं की कोणी ऐकत नाही म्हणून खूप जण मिळून मोठ्याने सांगतात, सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. ती बसमध्ये होती ना, तर तिला बसचीच गोष्ट सांगा. अमेरिकेत मॉन्टगोमेरी गावात काळ्या माणसांना गोऱ्यांसाठी सीट सोडावी लागायची, १९५५ मध्ये रोझा पार्क्स उठल्या नाहीत, पोलिसांनी त्यांना पकडलं, मग तिथले हजारो लोक ३८१ दिवस बसमध्ये चढलेच नाहीत, चालत गेले, आणि शेवटी तो नियम गेला. यात राग आहे, पोलीस आहेत, पण लोकांनी कोणाला मारलं नाही, हे मुलांना बरोबर कळतं.

"परत पाठवणार का" हे अवघड आहे. "कधीच नाही" असं प्रॉमिस देऊ नका, ते आपल्या हातात नसतं. "कुठेही राहिलो तरी तुला सोडून आम्ही जाणार नाही" हे म्हणा. मोर्चा कशासाठी होता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाहेरून आलेल्यांच्या विरोधात असेल तर तेही लपवू नका, काही लोकांना आपण इथे नको वाटतो, सगळ्यांना नाही, आणि लगेच तिला ओळखीची, प्रेम करणारी इथलीच माणसं आठवून द्या, तिची टीचर, शेजारी, मैत्रिणीची आई. धाकट्यासाठी फक्त न्यूज बंद ठेवा. तीच क्लिप दहादा दाखवली की इतक्या लहान मुलांना वाटतं ते दहादा घडलं. तो घरात घोषणा देत फिरला तर फिरू द्या, खेळून खेळूनच त्याच्या डोक्यातनं निघेल.

नवऱ्याची भीती मला खोटी वाटत नाही. शांततेने एकत्र जमायचा हक्क परदेशी नागरिकांनाही आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय, पण देशोदेशीचे नियम वेगळे, सिंगापूरमध्ये परदेशी माणसाला परमिटशिवाय निदर्शनांत भाग घेता येत नाही. तुम्हाला जायचं असेल तर तिथला कायदा आणि व्हिसाच्या अटी आधी बघा, नसेल जायचं तर मुलीला तसं सांगा, त्यात लाज नाही. पण "शाळेत बोललीस तर बाबांची नोकरी जाईल" हे चुकूनही म्हणू नका, एवढं ओझं त्या वयाला झेपत नाही. त्यापेक्षा मोठ्यांनीच घरात पक्ष, नेते यांच्यावर तोंडसुख घेणं आवरावं, मुलं ऐकलेलंच बाहेर बोलतात. टीचरला मात्र कळवा की ती बसमध्ये घाबरली होती.

पुन्हा कधी अडकलात तर मुलांचे हात धरून कडेकडेने गल्लीत वळा, पोलिसांच्या रांगेजवळ थांबू नका, ढाली पुढे आलेल्या दिसल्या की निघाच, अश्रुधुराचा त्रास लहानांना जास्त होतो.

आज झोपताना मात्र तुम्ही सुरुवात करू नका, तिने बसच्या खिडकीतून काय काय पाहिलं ते आधी तिला सांगू द्या. आणि नवऱ्यालाही शेजारी बसवा, बाबा या विषयावर गप्प होतात हेही तिने पाहिलेलं असणार.