चौकडी, चौकट की पट?

परभणीहून विचारणा आहे: शर्टाच्या कापडावरच्या चौकोनांना कुणी 'चौकडी' म्हणतं, कुणी 'चौकट', बरोबर काय? आणि देवघरातल्या काळ्या-पांढऱ्या फरशीलाही 'चौकडीची' म्हणावं का?

कापडाला चौकडी. चौकट म्हणजे कडेनं बांधलेला, आतून मोकळा चौकोन. दाराची असो की तसबिरीची. चौकडीत एकट्या चौकोनाला अर्थ नाही, तो पुन्हा पुन्हा यावा लागतो. 'चौकटीचा शर्ट' सर्रास ऐकू येतो, बोलणाऱ्याला अडवू नये. लिहिताना 'चौकडीचा' लिहावं. 'चौकडीचं लुगडं' म्हणताना कुणी अडखळतं का?

फरशीचं उत्तर विणीत आहे. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, 24 धागे निळे, 24 पांढरे असे आलटून पालटून लावले आणि बाणाही, म्हणजे आडवे धागेही, त्याच क्रमानं भरला, तर निळ्यावर निळा येतो तिथं गडद चौकोन, पांढऱ्यावर पांढरा येतो तिथं पांढरा, उरलेल्या दोन जागी फिकट निळा. चौकडीत अशा तीन छटा. बुद्धिबळाच्या पटावर मधली छटाच नाही: 64 घरं, 32 काळी, 32 पांढरी. म्हणून अशी फरशी 'पटासारखी'. गवंड्याला मात्र 'एकाआड एक' एवढंच सांगावं, आणि दोन्ही बाजूंना फरशा विषम धराव्यात. 9 बाय 9 मध्ये चारही कोपरे एका रंगाचे येतात, त्या रंगाच्या 41 आणि दुसऱ्याच्या 40 लागतात. 8 बाय 8 मध्ये शेजारचे कोपरे जुळत नाहीत.

मराठवाड्यात उर्दू-दखनीच्या शेजारामुळं 'चारखाना'ही कानावर पडतो. चार अधिक खाना. कपाटाचा खाना तोच. कापडासाठी हा शब्द चौकडीइतकाच नेमका आहे, परका समजून टाळायचं कारण नाही.

'चेक्स'ची गंमत निराळी. त्याचं मूळ फ्रेंचमधल्या बुद्धिबळाच्या पटाच्या नावात, आणि त्याच्याही मागं फारसी 'शाह'. आपला 'शह' त्याच घरातला.

'चौकडी'ऐवजी 'चौकडा' लिहिताना तेवढं जपावं: जुन्या मराठीत तो कानातला मोत्यांचा दागिनाही आहे.