खेळाडूंना व्हिसा नाकारला तर सामान्य माणसं काही करू शकतात का?

हो, नक्की करू शकतात. २०११ साली युगांडातल्या कंपाला इथला अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा बेसबॉल संघ अमेरिकेतल्या लिटल लीग वर्ल्ड सिरीज या मुलांच्या जागतिक बेसबॉल स्पर्धेसाठी पात्र ठरला होता. आफ्रिकेतून असं पहिल्यांदाच घडलं होतं. पण जन्मतारखांच्या कागदपत्रांत विसंगती दाखवून व्हिसा नाकारला गेला आणि त्यांच्या जागी सौदी अरेबियातला संघ गेला.

तारखेचा हा घोळ आपल्याला परका नाही. आपल्याकडे किती जणांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेली १ जून असते!

युगांडाच्या मुलांचा पहिला सामना कॅनडातल्या लँग्लीच्या मुलांशी होता. ही मुलं येऊ शकत नाहीत तर आपणच तिकडे जाऊ, असं काही लोकांनी ठरवलं, पैसे उभे केले आणि जानेवारी २०१२ मध्ये लँग्लीची मुलं खरंच युगांडात पोचली. राहिलेला सामना झाला. युगांडा २-१ ने जिंकला. हे वाचलं की मला आजही भरून येतं. त्याच वर्षी युगांडातल्याच लुगाझीचा संघ त्या स्पर्धेत उतरला.

तुमच्या ओळखीत असा खेळाडू असेल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या नकारावर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करता येतो. त्यामुळे आधी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्टवरच्या तारखा जुळवून घ्या. आयोजकांचं पत्र, खासदारांचा पाठपुरावा, स्थानिक पेपरात बातमी, हे सगळं लगेच सुरू करा.